सहाचा रेट

वासुदेवरावांना झोप लागत नाही हे आमच्या सिंदीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि का लागत नाही हेही. सेलूच्या रस्त्यावर त्यांचा पेट्रोल पंप, पंपाच्या मागेच घर, आणि समोर माझं पंक्चरचं दुकान. पेट्रोलचा भाव बदलायचा असला की सकाळी सहाला बदलतो. तो बदलला का हे पाहायला हा माणूस अंधारातच उठून मशीनसमोर येरझाऱ्या घालायचा. मंगळसूत्र हरवल्यासारखा चेहरा करून फिरणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही.

भाव वाढणार असेल तर टाकी भरून ठेवायची, उतरणार असेल तर रिकामी ठेवायची, एवढंच पंपवाल्याचं गणित. दोन हजार एकवीसच्या दिवाळीत ते चुकलं. सरकारनं एका संध्याकाळी कर कमी केला आणि वासुदेवरावांची टाकी नेमकी काठोकाठ. महागात घेतलेलं स्वस्तात विकावं लागलं. गाव फटाके फोडत होतं, आणि हे जमिनीतल्या टाकीच्या झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

तीन आठवडे उलटले असतील, टीव्हीवर बातमी आली. अडीअडचणीसाठी जमिनीखालच्या गुहांत साठवलेलं राखीव तेल सरकार बाहेर काढणार. अमेरिकेसारखे मोठे देशही काढणार, म्हणजे भाव खाली येतील. वासुदेवराव चपला न घालताच माझ्या दुकानात आले.

"पाह्यलं का बापूराव? सरकार गोदाम खोलून राह्यलं. आता रेट धडाधड पडते. या टायमाले मी नाई फसत."

"पण भाऊ, टँकर तर मागवून ठेवा. कापसाचे दिवस आहेत."

"कायले मागवू? उद्या स्वस्त भेटन ना!"

उद्या आला, परवा आला, भाव जागचा हलला नाही. वासुदेवराव मात्र एका जागी ठरेनात. टाकीत मापाची काठी बुडवायची, काढायची, पुन्हा बुडवायची. टीव्हीवर बोलणाऱ्यांना शिव्या घालायच्या. जेवता जेवता उठून फोन पाहायचा. त्यांची बायको सुलोचनाबाई चहा घेऊन मागे मागे फिरायची. "अहो, बसा ना जराशे," म्हणायची. ते बसायचे आणि लगेच उठायचे. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

त्यांच्या घरची गाडी कायम जेमतेम पेट्रोलवर असायची. पंप दारात असताना गाडीत कशाला कोंडून ठेवायचं, हा त्यांचा हिशोब. कुठं निघायचं झालं की निघताना भरायचं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पंपावर एक पाटी होती, त्यांनी स्वतः लाल रंगानं लिहिलेली : 'बाटलीत पेट्रोल मिळणार नाही.' नियम होताच, पण पाटी लिहिली होती मनकर्णाबाईसाठी. मागच्या गल्लीत तिचं घर आणि पानठेला. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ती अडल्यानडल्याला विकायची. वासुदेवरावांनी दोनदा तिच्यावर पोलीस धाडले होते. तिचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत, बाटलीवाली म्हणायचे.

शेवटी एका संध्याकाळी पंप कोरडा पडला. नत्थूजी कापूस भरलेला ट्रॅक्टर घेऊन डिझेलसाठी आला होता. तो वासुदेवरावांना नको नको ते बोलला. माझ्या मोटारसायकलच्या टाकीतही खडखडाट, मीही बोललो. ते हात जोडून म्हणत राहिले, "आजच्या दिवस थांबा. सकाळी पडते पाहा रेट."

सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो. ते मशीनसमोर उभे, हातात फोन. सुलोचनाबाई दारात आल्या.

"अहो, छाती भरून येऊन राह्यली. दवाखान्यात जा लागते वाटते."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब ना जराशी. सहा वाजू दे, रेट पाहू दे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या पायरीवर बसल्या. थोड्या वेळानं एका अंगाला कलल्या. मी ओरडलो तेव्हा वासुदेवराव वळले. बायकोचा घामानं डबडबलेला चेहरा पाहून त्यांच्या हातातला फोन खाली पडला.

आम्ही सुलोचनाबाईंना गाडीत निजवलं. गाडी मशीनशेजारच्या फाटकापर्यंत गेली आणि आचके देऊन बंद पडली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, वेळ लागेल म्हणाले. तेव्हा या माणसानं काय करावं? धावत जाऊन आपल्याच पंपाचा पाइप ओढून आणला, गाडीत घातला आणि दाबत बसला. मशीन नुसतं घरघरत होतं. मी त्यांचा दंड धरला.

"भाऊ, मनकर्णाबाईकडे चला."

वासुदेवराव तिच्या दारात उभे राहिले. "बाई... सुलोचना..." एवढंच म्हणाले. तिनं पुढचं ऐकलं नाही. खाटेखालच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या पदरात घेतल्या आणि आमच्या पुढे चालू लागली. त्यांनी खिशात हात घातला तशी ती खेकसली, "ते मंग पाहू! अगुदर वहिनीले न्या." त्या लाल पाटीखाली उभं राहून तिनंच पेट्रोल ओतलं. मग मागच्या सीटवर बसली आणि सुलोचनाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी मी चालवली, वासुदेवराव शेजारी. सेवाग्रामचा दवाखाना येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा मागे वळून बायकोचे पाय चाचपत होते.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. दुपारी आम्हाला आत सोडलं. वासुदेवराव खाटेजवळ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. सुलोचनाबाईंनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता, राग नव्हता त्यात.

"तुम्ही थांब म्हटलं, म्हणून थांबली मी," त्या म्हणाल्या. "मंग? पडला का रेट?"

वासुदेवरावांनी तो पाहिलाच नव्हता.