चानीच्या प्लेटा

"हललं," असं म्हणून मास्तर कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढायचे, विस्कटलेले केस बसवायचे आणि परत फडक्यात शिरायचे. विहिरीजवळच्या दगडी दोणीवर बसलेली चानी तोवर पोफळीच्या शेंड्याला पोचलेली असायची. चानी म्हणजे खार. आमच्या अलिबागेकडे तिला चानीच म्हणतात. त्यांचं रागावणं नाही, हळहळणं नाही. पावसाळा सोडून वर्षभर रोज सकाळी एक माणूस तोच शब्द त्याच आवाजात म्हणतो, हे ऐकून शेवटी मलाच थकवा यायचा.

मी तेव्हा कोर्टात कागदपत्रांच्या नकला करायला होतो. एका घराच्या दोन भागांत आम्ही दोघं भाडेकरू, मागचं परस सामायिक. गाव त्यांना मास्तर म्हणे; शिकवलं मात्र कधी कुणाला नाही. धंदा फोटोचा. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असा त्या काळी समज. चांगले शिकलेसवरलेलेसुद्धा कॅमेरा दिसला की कामं आठवून उठायचे, तुम्हीही असे पाहिले असतील. माणूस गेलं की मग घाई. मास्तरांना बोलावणं यायचं ते बहुतेक त्यासाठीच.

एकदा माझ्यादेखत थळचा एक कोळी अंगणात येऊन उभा राहिला.

"मास्तर, आय गेली. फोटू काढाचा हाय."

"जिवंतपणी का नाही आणलीस रे? चांगली हसरी म्हातारी होती."

"तवा कशी आनू? मरंल ना ती."

मास्तरांनी पेटी उचलली. "भिंतीला टेकवून बसवलीस ना?"

"बसवली. डोला एक मिटत न्हाय."

दुपारी परतले आणि पायरीवर बसूनच राहिले. "शेजारी, न हलणाऱ्यांचे फार काढले हो," म्हणाले. मला ते शेजारीच म्हणत.

कॅमेरा जुनाट. भिंगावरची टोपी काढायची, एक-दोन-तीन मोजायचं, टोपी लावायची. तेवढा वेळ प्रेत बसतं, चानी बसत नाही. प्लेटेवर, म्हणजे आतल्या काचेवर, यायची ती दोण, आणि दोणीवर एक धुरकट रेघ. असल्या काचा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सोड्याच्या गरम पाण्यात घासून लख्ख करायच्या. देवांच्या तसबिरींना त्या कामी यायच्या. चानीच्या प्लेटा पडवीत दिसल्या की विचारायचं कारणच नसे. वाया गेलेल्याच.

वहिनींना दमा. अंगानं काडी, जीभ मात्र शाबूत. चान्यांना तांदळाच्या कण्या टाकायच्या त्याच. पण कॅमेऱ्यावर फडकं चढलं की चार पावलं लांबून जायच्या. "ह्यांच्यासमोर बसलेलं एक तरी माणूस उठून चालताना दाखवा, भावोजी, मग मी बसते," म्हणायच्या. आम्ही हसायचो. मास्तरही हसायचे.

कॅमेरा खरा कशासाठी लावला जातो, हे मला फार उशिरा कळलं. "चानीचं आपलं निमित्त," एकदा रहाट ओढता ओढता ते म्हणाले. "कण्या टाकायला आमची ही तिथं येते. दर थंडीत तिची छाती जास्तच भरते. साऱ्या तालुक्याच्या भिंतींवर माझे फोटो आहेत, उद्या माझ्या भिंतीवर काय लावू? तसाच, बसवून काढलेला?"

वैशाखात एका सकाळी कण्या टाकताना वहिनींना धाप लागली आणि त्या धुण्याच्या दगडावर टेकल्या. श्वास सांभाळत इतक्या निवांत बसल्या, की एक चानी पार पावलापाशी आली आणि दोन हातांत कणी धरून कुरतडू लागली. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी टोपी काढली, मोजलं, लावली. फडक्यातून बाहेर आले ते 'हललं' न म्हणताच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच आभाळासमोर धरून मला दाखवली. सगळं उलटं, चेहरा काळा, केस पांढरे, पण वहिनीच. चानीची रेघ झाली होती, वहिनी मात्र स्वच्छ. "तिला सांगू नका, घाबरेल," म्हणाले. काच वेगळी ठेवली तर तिच्या लक्षात येईल, म्हणून मुद्दाम इतर काचांतच वाळत ठेवली आणि छापायचा कागद आणायला बाजारात गेले.

संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर पडवीत सात काचा लख्ख उभ्या होत्या. वहिनी पदराला हात पुसत सांगत होत्या, "चानीच्या होत्या त्या सगळ्या घासून ठेवल्यात हो."

मास्तर म्हणाले, "बरं केलंस."

मला राहवलं नाही. स्वभाव मुळात तापट, त्यात दिवसभर लोकांच्या भांडणांच्या नकला करून डोकं उठलेलं. मास्तर आत गेल्यावर मी वहिनींना सारं सांगून टाकलं, आणि तेही फटकळपणानं. त्या ऐकत राहिल्या. मग बादलीतलं पाणी ओतून आत गेल्या.

पावसाळा लागला. दमट हवेत प्लेटा खराब होतात म्हणून मास्तर शेवटचं खोकं आधीच संपवत. नवं खोकं मुंबईहून यायचं ते गणपतीनंतर. वहिनींना यातलं ठाऊक नव्हतं. काचा घासण्यापलीकडे त्या धंद्याला त्या शिवत नसत.

आषाढातल्या एका उघडिपीला वहिनी लग्नातलं जांभळं लुगडं नेसून, नथ घालून परसात आल्या आणि धुण्याच्या दगडावर बसल्या.

"काढा," म्हणाल्या. "पण लवकर. मला विचार करायला लावू नका."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेरा आणला, तिकाटणं रोवलं, फडक्यात शिरले. टोपी काढून त्या दिवशी त्यांनी पाचपर्यंत मोजलं. आत काच नव्हती.

"झालं?"

"झालं."

"कसा येईल?"

"छान येईल. कागद मिळाला की छापतो."

वहिनी घरात गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "इतकी भिणारी बाई आपण होऊन बसली, तिला परत कशी पाठवू? गणपतीनंतर पुन्हा बसवीन. पहिला बिघडला म्हणेन."

श्रावणात वहिनींनी अंथरूण धरलं. मी बघायला गेलो तर तेवढ्या धापेतही बोलल्या, "भावोजी, फोटो काढून घेतला ते बरं झालं. आता काय व्हायचं ते होवो. ह्यांच्याजवळ मी असेन." मास्तर उशाशी बसून काढा ढवळत होते. ते ढवळतच राहिले.

परसात येऊन त्यांनी मला विचारलं, "सांगू का तिला? फोटो निघालाच नाही म्हटलं तर निदान ती भीती तरी जाईल."

ज्याच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही तो मी म्हणालो, "सांगू नका." ते बरोबर सांगितलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही. कंटाळा येईतो विचार केला आहे.

पोळ्याच्या आधीच वहिनी गेल्या. तेराव्याला पालीहून त्यांचे थोरले भाऊ आले होते. दिव्याशेजारी फोटो नाही हे पाहून ते चिडले. "साऱ्या तालुक्याचे फोटो काढता, आणि आमच्या बहिणीचा एक काढवला नाही तुमच्याच्यानं?"

"काढलाय," मास्तर म्हणाले. "जिवंतपणीचा आहे."

"मग ठेवा ना इथं."

"तो माझ्याजवळच असू दे."

भावाचा विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी. तुम्ही पाहिलात?"

मास्तर मान खाली घालून दिव्याची वात सारखी करत होते.

"पाहिला ना," मी म्हणालो. "लग्नातलं लुगडं नेसून बसल्या आहेत. जरासुद्धा हललेल्या नाहीत."