मावशीचा ड्रम

झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि मग जाहीर करायचं, "जित्तं हाये." आमच्या गल्लीतली मावशी दिवसातून चारदा हे करायची. ड्रममध्ये गाळलेलं शेणखताचं पाणी, गांडूळखताचा अर्क आणि गूळ. आपण नाक दाबावं असा प्रकार. तिच्या तोंडावर मात्र नातवाचा ताप उतरल्यासारखं समाधान.

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य गेलं, घाबरणं म्हणून माहीत नाही. जमीन नवऱ्याकडे नव्हती, सासऱ्याकडे नव्हती. आमच्या वरवट बकाल गावाच्या चारही बाजूंना शेतं आहेत. त्यांत आमच्या वस्तीचा घाम आहे, सातबाऱ्यावर नाव नाही. हे मी आमच्या संघटनेच्या पत्रकात लिहायचो. मावशीनं पत्रक वाचलं आणि घराच्या स्लॅबवर भोकं पाडलेले पाइप मांडले. ड्रममधलं पाणी मोटरनं त्यांतून फिरायचं. भोकाभोकांत पालक. मातीचा कण नाही.

तालुक्याला या शेतीचं प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी तिला बजावलं होतं, पाण्यातल्या शेतीला बाटलीतली रासायनिक खतंच लागतात, शेणाचं इथे काम नाही. मावशी म्हणाली, "साहेब, मातीत तरी पिकाले कोन खाऊ घालते? बारीक जीवच ना? ते शेण पचवतात, मंग झाड खाते. म्या ते जीव पान्यात पाळले." साहेब हसले. मावशी हसली नाही.

त्या जिवांना हवा लागते, म्हणून तिनं माशांच्या टाकीतलं बुडबुडे काढायचं यंत्र ड्रममध्ये सोडलं होतं. लाइट गेली की काठीनं ढवळायचं. एकदा आमची सभा रंगात आली होती, मी मुठी आवळून बोलत होतो, तेवढ्यात पंखा थांबला आणि मावशी उठली.

"मावशी, बस ना! आता मुद्द्यावर येऊन राह्यलो."

"तुहा मुद्दा थांबते, बाबू. डरम नाई थांबत."

सगळी सभा हसली. मला राग आला. तेव्हा मला राग लवकर यायचा.

तिच्या बचत गटातल्या बायका सगळ्या भूमिहीन. ग्रामपंचायतीच्या पडीक जागेवर त्यांना असंच मोठं शेड हवं होतं. प्रस्तावावर सही मावशीची. तालुक्याची समिती येणार, स्लॅबवरचा पालक पाहणार आणि मग ठरवणार. घरच्या खतावर पीक उभं दिसलं पाहिजे, एवढीच अट.

त्याच आठवड्यात आमची शुद्ध पाण्याची मोहीम होती. घरोघरी टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची. मावशी लेकीकडे मलकापूरला गेलेली. ड्रमशेजारी साध्या पाण्याची टाकी होती. मला ती पिण्याची वाटली. मापानं एक चमचा पुरला असता. मावशीचं घर म्हणून मी दोन मुठी टाकल्या. ड्रमचं पाणी कमी झालं की त्याच टाकीतून भर घाल, असं मावशी शेजारणीला सांगून गेली होती. शेजारणीनं सांगितल्याप्रमाणे केलं.

चौथ्या दिवशी पालक पिवळा पडला. मुळं तपकिरी, बुळबुळीत. मावशी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी समिती आली. समितीत प्रशिक्षणाचे साहेबच होते; त्यांनी एक रोप उपसून पाहिलं. "सांगितलं होतं ना, बाई." कागदावर लिहिलं, सेंद्रिय पद्धत अयशस्वी. मला टाकीच्या तळाशी पावडरचा पांढरा थर दिसला, आणि काय झालं ते कळलं: ड्रममधले जीव माझ्या पावडरीनं मेले होते. माझा आवाज चौकापर्यंत जातो. त्या दिवशी तो घशाबाहेर आला नाही.

महिन्याभरानं मी तिच्याकडे गेलो. ती तूर निवडत होती.

"मावशी, ते पानी म्या मारलं."

"माहीत हाये मले. झाकन उघडल्याबरोबर वास आला."

"मंग साहेबापुढं काऊन नाई बोलली?"

"बोलली असती तं गावानं पावडर नालीत फेकली असती. औंदा लेकराइले हगवण नाई लागली. पावडर वाईट नाई, बाबू. माह्या डरमात नोको होती."

तिनं दोन खडे बाजूला टाकले.

"आन् म्या वाट पाहून राह्यली होती. तू बोलशीन म्हून."

गेल्या थंडीत मावशी गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपलं होतं. मी रडलो नाही. मला काही वाटलंच नाही, अजूनही नीटसं वाटत नाही. तेराव्या दिवसानंतर मी एक पत्र लिहिलं. घोषणा नाही, उद्गारचिन्ह नाही. पावडर मी टाकली, पद्धत चुकलेली नव्हती, नोंद दुरुस्त करा. ते घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेलो.

तिथल्या कारकुनानं ते दोनदा वाचलं. माणूस चांगला होता.

"फेरतपासणी होते. पण अर्ज त्या बाईचाच लागते. त्याइची सही कुठी हाये?"

मी पत्राखालच्या माझ्या सहीकडे पाहिलं.

"मंग त्याइलेच घेऊन या ना एखाद्या दिवशी," तो म्हणाला.

मी "बरं" म्हणालो.