मामीचं नाक

मामी फळाचा वास घेत नसे. फळ आणणाऱ्याच्या हाताचा घेई. रसाच्या कंपनीच्या फाटकात बाभळीखाली लोखंडी खुर्ची टाकून ही सगळ्यांची मामी बसलेली असायची. टेंपो आला तरी उठायची नाही, डाळिंबाच्या क्रेटकडे ढुंकूनसुद्धा बघायची नाही. उतरणाऱ्या माणसाला एवढंच म्हणायची, "हात दाव." मग तो हात नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा, निकाल द्यायची. कारखान्याचे मोठमोठे सभासद, इस्त्रीच्या कपड्यांतले बागायतदार, तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे करून उभे राहिलेले मी बघितलेत. औषध मारलेल्या हाताला आठ दिवस वास राहतो, असं तिचं म्हणणं. प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्यानं यायचा, मामीचा जागच्या जागी. मला ही बाई कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यापासून जो तो तिचं गुणगान गातोय आणि ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याला लागूनच मामीच्या घरच्यांचा मळा आहे. आजूबाजूला सगळा ऊस, आणि मधेच ह्यांची डाळिंबाच्या आणि पेरूच्या रसाची कंपनी. साखरेच्या मुलखात बसून साखरेचा कण न घालता रस विकायचा, हा आगाऊपणा ह्यांनाच सुचू शकतो. कंपनी म्हणजे तरी काय, सगळं घरच. थोरला मुलगा मशिनं बघायचा, धाकटा पुण्याला जाऊन माल खपवायचा, थोरली सून कागदपत्रं सांभाळायची. मामीला कुणी काही काम दिलं नव्हतं. तिनं आपण होऊन फाटक धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुण्याहून पाहुणे आले की धाकटा त्यांना सगळं फिरवून दाखवायचा. रिकाम्या काचेच्या बाटल्या गिऱ्हाइकांकडून परत येतात, धुऊन पुन्हा भरल्या जातात. चोथा गाईंना जातो. साली वाळवून रंगवाल्यांना जातात. फळं धुतलेलं पाणी गाईंच्या घासाला सोडतात. ह्या सगळ्याला तो सस्टेनेबल म्हणायचा आणि पाहुणे माना डोलवायचे. एकदा मी मामीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, की आमच्या कळस गावाला ह्याला चिकटपणा म्हणतात. मामीनं मान वर केली नाही. "कायबी म्हण," ती म्हणाली, "ह्यातलं टाकायजोगं काय हाय ते दाव." आणि तिनं माझ्या हातात बाटल्या घासायचा ब्रश दिला. माझी फळं उतरवून होईपर्यंत मी तिच्या बाटल्या घासत होते. अशी ती बाई.

नावानं ती कुणाला हाक मारत नसे. गावानं मारायची. "ए कळस, गाडी मागं घे." "सणसर, तुमचं उद्या." मी तीन वर्षं तिच्याकडे माल घातला, माझं नाव सुनंदा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ते एकदाही बाहेर पडलं नाही.

माझं नाव मात्र तिच्या भिंतीवर होतं. ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर गटातल्या शेतकऱ्यांची नावं रंगवलेली होती, चाळीसेक असतील, त्यात बाई मी एकटीच. आमचे हे भवानीनगरला कारखान्यात नोकरीला. तीन एकर डाळिंब मी एकटीनं उभं केलेलं. त्या भिंतीवर नाव यायचं तर तीन वर्षं रानात रासायनिक औषधाचा थेंब पडता कामा नये, असा नियम. कीड पडली तरी कडुनिंब, रुई, घाणेरीचा पाला गोमूत्रात कुजवून तो दशपर्णी अर्कच मारायचा. भावकीतले हसायचे, म्हणायचे की हिनं बागेला जडीबुटी चालवलीय. नाव रंगवलं त्या दिवशी मी ह्यांना मुद्दाम रजा टाकायला लावली आणि भिंतीसमोर उभं करून वाचायला लावलं.

आणि मग मी माती खाल्ली. तोडणीला पाच दिवस उरले होते, फळांवर कीड दिसायला लागली, अर्क तयार होता आणि ऐन वेळी माझा फवारणीचा पंप मोडला. शेजारच्या भाऊजींचा पंप मागून आणला. चुलत दीर ते, त्यांचा सगळा ऊस. दोन पाण्यांनी पंप खळाळून घेतला आणि अर्क मारला. तिसऱ्या दिवशी बांधाकडच्या एका ओळीची कोवळी पानं पिळवटलेली दिसली. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "आगं, त्यात तणनाशक हुतं की. उसाला मारलेलं." दोन पाण्यांनी तणनाशक जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला घाईत कळलं नाही.

खरं तर मी त्याच दिवशी कंपनीत फोन करायला हवा होता. केला नाही. ती ओळ सोडून बाकीची फळं तोडली आणि मनाची समजूत घातली, की ती ओळ तर आपण घेतलीच नाही. पण पंप सगळ्या बागेत फिरला होता, हे मला ठाऊक होतं. टेंपो निघायच्या आधी मी मोरीत बसून चिंच आणि लिंबू घेऊन हात घासले. तीनदा घासले. नाकाशी धरून बघितले, वास नव्हता.

मामीनं हात धरला. त्या दिवशी तिनं डोळे मिटले नाहीत. हे मला खूप नंतर आठवलं. तिनं हात धरला तो धरलाच. मागं दोन टेंपो येऊन थांबले, ऊन तापायला लागलं, ती सोडेना. मी म्हटलं, मामी, झालं का? ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी हात सोडून म्हणाली, "कळस, माल परत ने." मी भांडले. काय वास येतोय ते सांगा म्हटलं. ती पुढच्या टेंपोकडे वळली. थोरली सून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, मामीनं तिला हातानंच मागं फिरवलं. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि त्या फाटकात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दारी आलेल्या माणसाला आपल्याकडे असं कुणी वागवतं का?

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं येऊन माझ्या बागेतली पानं तपासायला घेऊन गेली. अहवालात तणनाशक निघालं. माल इंदापूरच्या बाजारात साध्या फळांच्या भावानं गेला, आणि भिंतीवरच्या माझ्या नावावर मामीनं चुना मारून घेतला. पुन्हा तीन वर्षं. आता वाटतं, एका टेंपोपायी सगळ्या चाळीस घरांचं सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र गेलं असतं, तेव्हा तिचं चुकलं नव्हतं. तेव्हा तसलं काही वाटलं नाही. त्या रस्त्यानं एसटीनं जाताना भिंतीवरचा चुन्याचा पट्टा दिसायचा आणि तळपायाची आग मस्तकात जायची. मी तिला नाही नाही त्या शिव्या दिल्या. ह्यांना म्हणाले, त्या बाईच्या नाकावर टिच्चून नाव परत लावून दाखवते.

ती तीन वर्षं मी रागावर काढली. स्वतःचा पंप घेतला आणि भाऊजींना काय, सख्ख्या भावालासुद्धा दिला नाही. भाऊजींच्या उसाच्या बाजूनं बांधावर शेवरीच्या झाडांची दाट रांग लावली, त्यांचं औषध वाऱ्यानं इकडं येऊ नये म्हणून. मामीच्या कंपनीला पाण्याची काळजी तर मला का नको, म्हणून घरातलं सांडपाणीही झाडांना वळवलं. सासूबाई म्हणाल्या, तू मामीसारखी चिकट झालीस. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या वर्षी पानं तपासली गेली, स्वच्छ निघाली, आणि मी टेंपो घेऊन फाटकात उभी राहिले. मामी खूप थकली होती, पण खुर्ची तीच. हात धरला, नाकाशी नेला, "घ्या," म्हणाली. पडलेल्या चेहऱ्यानं म्हणेल अशी माझी आशा होती. तीही तिनं पुरवली नाही. माल उतरेपर्यंत मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बसले. मामीही येऊन तिथंच चुलीजवळ तडकलेली फळं वेगळी काढत होती. चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं, मग लागलं, मग चांगलं करपलं. टेंपोवाला गाडीच्या पलीकडे उभा होता, त्यानं नाक धरलं. मामी पातेल्यापासून हातभर अंतरावर पाठमोरी बसलेली, आणि एकेक फळ शांतपणे फिरवून बघतेय.

मी उठून पातेलं उतरवलं. तिच्यासमोर बसले आणि विचारलं, मामी, वास कधीपासून येत नाही?

तिनं आधी आजूबाजूला कुणी आहे का बघितलं. "कोरोनापस्नं," ती म्हणाली. "घरात कुणाला ठाव न्हाय."

कोरोना माझा टेंपो परत गेला त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे माझा हात धरला तेव्हा हिच्या नाकाला काहीच कळत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं घालवलीस की गं माझी, असं मी तिला एकेरीवर येऊन म्हणाले. मग माल कशावरून परत पाठवलास?

"तुज्या हातावरनं," मामी म्हणाली. तिनं माझा हात ओढून उलटा केला. डाळिंबाच्या सालीचा रस लागून बोटं काळी झाली होती, नखांच्या कडा तर शाईत बुडवल्यासारख्या. तोडणीच्या दिवसांत आम्हा सगळ्यांचे हात असेच असतात, महिनाभर जात नाही तो काळेपणा. "त्या दिवशी गोरंपान हुतं. चिंचंनं घासलंवतंस नव्हं? तोडणीच्या दिशी गोरं हात कुणाचं असत्यात?"

ती म्हणाली, "एवढा येळ हात धरून बसले. तू सांगशील म्हनून."

"सांगितलं असतं तर काय माल घेतला असतास?"

"न्हाय. माल परतच गेला असता." तिनं पुढचं फळ उचललं. "पर पानी पिऊन गेली असतीस."

सरळ सांगते, मला ह्यातून काही थोर वगैरे वाटलं नाही. भयंकर राग आला. चोराच्या मनात काय चाललंय ते ओळखलंस, मान्य. पण घाबरलेल्या माणसाला उन्हात तहानलेलं उभं करून, आता बोल, असं म्हणायचं ही कुठली रीत? मी बोलले असते कदाचित. कुणी सांगावं. तांब्या मागं पाठवला नसता तर बोललेही असते. हे मी तिला तिथंच ऐकवणार होते, तेवढ्यात थोरली सून आली आणि दूध कसं लागलं म्हणून विचारायला लागली. मामी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, माझंच लक्ष नव्हतं. का म्हटलं, देव जाणे.

भिंतीवर माझं नाव पुन्हा आलं. त्याच पावसाळ्यात मामी गेली. मी मातीला गेले, रडले नाही. दहाव्यानंतर थोरल्या सुनेचा फोन आला. म्हणाली, मामी सांगून गेल्यात की फाटकात कळसला बसवा. तिथंही नाव नाहीच. मी नाही म्हणणार होते. पण माल येतो त्या दिवसांपुरती जाते आता, त्याच लोखंडी खुर्चीवर बसते आणि हात बघते. माझं नाक चांगलं आहे, तरी आधी नखं बघते.

परवा सुप्याकडचे एक आबा पहिल्यांदाच माल घेऊन आले. कोरडवाहूत बोअरच्या पाण्यावर दोन एकर डाळिंब केलेला माणूस, स्वच्छ धोतर, टोपी. तीन वर्षं पूर्ण करून भिंतीवर नाव लागलेलं. त्यांनी हात पुढे केले. वडिलांच्या वयाच्या माणसाचे ते हात लाल होईपर्यंत घासलेले होते. मी हात धरला. सोडला नाही, ते सांगतील म्हणून. मागं गाडी येऊन थांबली. शेवटी मी सोडला आणि म्हटलं, "आबा, माल परत न्यावा लागंल." ते भांडले नाहीत. टेंपोकडे वळले.

मी त्यांना हाक मारली. खुर्चीवरून उठले, तिथं त्यांना बसवलं आणि आतून पाणी आणि चहा आणवला. मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, वाजवू दिला. आबांनी आधी तांब्याभर पाणी संपवलं. मग बशीत ओतून चहा प्यायले, सावकाश. कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, येकदाच मारलंय. फळं गळाया लागली म्हनून."

मामी त्या वेळी समोर हवी होती. उन्हात, तिच्याच फाटकात तिला उभी करून मला हे ऐकवायचं होतं.