मारबतीला सांगितलेलं नाव

माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि ती जेवायला बसत नाही. जेवते, पण बसत नाही. एक घास ताटाशी, दुसरा खिडकीशी, तिसरा दिवाणावर उभं राहून, आणि चौथा बहुतेक माझ्या हातातच राहतो. आधी मी नुसती ओरडायचे. मग डॉक्टरांनी याला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं, आणि तेव्हापासून मी नाव माहीत असूनही ओरडते.

नावाचा फायदा असा, की ते सगळ्यांना सांगता येतं. शाळेतल्या बाई पालकसभेत शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "ही एडीएचडी आहे ना, म्हणून हिला पहिल्या बाकावर बसवते." वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात विचारतात, "आज तुमची एडीएचडी दिसली नाही?" 'तुमची धाकटी' म्हणावं इतक्या सहज. या पोरीचं लक्ष कशातच लागत नाही असं सगळे म्हणतात, पण स्वतःबद्दलचं बोलणं ती बंद दाराआडूनही ऐकते.  मग नळ सोडते आणि विसरून जाते.

आम्ही कोराडीला राहतो, वीजकेंद्राच्या वसाहतीत. नवऱ्याच्या शिफ्टा असतात, त्यामुळे घरात बहुतेक आम्ही तिघीच: मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. "आमच्या घरी माग होता," त्या म्हणायच्या. "पोट्टे दिवसभर धावत अन् संध्याकाळी सुताच्या कांड्या भरत. कोनाले रोग नोता." तरी हे इंग्रजी नाव त्यांनी बरोबर पाठ करून ठेवलं होतं. ते कशासाठी, हे मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.

आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काढायच्या, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायच्या, आणि घरातल्या पीडांची नावं घेत वस्तीबाहेर नेऊन जाळायच्या. मारबत नावाची राक्षसीण त्या सगळ्या पीडा घेऊन जाते. तिकडे शहरात, इतवारीत, त्या दिवशी मारबतीचे प्रचंड पुतळे निघतात आणि पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंना पुतळा लागत नाही, त्यांना डहाळी पुरते. त्यांचे नियम दोनच. नाव स्पष्ट घ्यायचं, मोघम सांगितलं तर मारबत नेणार काय? आणि जाळून परतताना मागे वळून पाहायचं नाही.

"खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत!" सासूबाई स्वयंपाकघरातून सुरू झाल्या. "ढेकून, मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" ढेकूण-डास आटोपून दिवाणखान्यात आल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. "सुनेची कंबर घेऊन जाय गे मारबत!"

"आई, कंबरेचं दुखणं म्हणा," मी म्हटलं. "कंबरच नेली तर पोळ्या कोण लाटेल?"

त्यांनी डहाळी उलटी फिरवून दुरुस्ती केली. मग मुलीच्या अंथरुणाशी गेल्या आणि सगळी वसाहत जागी होईल अशा आवाजात म्हणाल्या, "नातीची एडीएचडी घेऊन जाय गे मारबत!"

मी तोंडाला पदर लावून हसले. अंथरुणावरची चादर हलली नाही.

आम्ही दोघी डहाळ्या घेऊन वसाहतीच्या भिंतीपलीकडच्या पडीक जागेवर गेलो, त्या जाळल्या आणि मागे न बघता परतलो. मी चहा केला. बसून प्यायले. अख्खा कप, गरम. नळ वाहत नव्हता, काही पडलं नव्हतं, कोणी दिवाणावरून उडी मारली नव्हती. सासूबाईंनी बशी खाली ठेवली.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "लागू पडली."

मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण खरं सांगते, त्या शांततेत मला इतकं सुख वाटलं की मी आणखी अर्धा कप घेतला.

मग मला तिचा नंदी दिसला. संध्याकाळी तान्हा पोळा होता. मुलं लाकडी नंदी सजवून मैदानात रांगेत उभी राहतात. आमच्या नंदीचं एक शिंग गुलाबी झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. उठल्या उठल्या आधी तोच रंगवणार, असं तिनं रात्री मला बजावून सांगितलं होतं. ब्रश कोरडा होता. अंथरुणात ती नव्हती, चादरीखाली उशी होती.

ती लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सापडली. गुडघे छातीशी, दोन्ही हात तोंडावर. हलत नव्हती. शाळेतल्या बाईंना बोलावून दाखवावं इतकी शांत बसली होती.

"काय करून राहिली वं इथं?"

"आई, हळू बोल. गेली का ते?"

"कोण?"

"मारबत. आजीनं तिले माह्यं नाव सांगतलं."

"तुझं नाव कुठं घेतलं आजीनं?"

"घेतलं. एडीएचडी घेऊन जाय म्हनली." ती कुजबुजली. "मीच आहो ना एडीएचडी. बाई म्हनते, वरची काकू म्हनते. मी हालली नाही तर तिले दिसनार नाही ना?"

 मला राग आला, बाईंचा, वहिनींचा, सासूबाईंचा, आणि माझ्या त्या दीड कप चहाचाही. मी खाली बसून शिकल्यासारखं समजावायला लागले. एडीएचडी म्हणजे तू नाहीस, डॉक्टर म्हणतात तो तुझ्या मेंदूचा स्वभाव आहे.

तिनं नीट ऐकून घेतलं. "मग ते मेंदू नेईन?"

इथं माझं शिक्षण संपलं.

मागे सासूबाई उभ्या होत्या. केव्हापासून, ते माहीत नाही.  दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या.

"चाल," त्या नातीला म्हणाल्या.

"कुठं?"

"परत मांगाले."

आम्ही तिघी निघालो. पोरगी आमच्या मध्ये, दोघींचे हात घट्ट धरून, पावलाला पाऊल लावून चालत होती. रस्त्यावरून ती अशी कधीच चालली नव्हती, आणि ते बघवत नव्हतं. भिंतीपलीकडे डहाळ्यांची राख अजून गरम होती. जन्मात कधी मागे वळून न पाहिलेल्या माझ्या सासूबाई त्या राखेसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ओ मारबत!" त्या ओरडल्या. "नातीचं काही नेऊ नको गे! मी चुकून सांगतलं! ते आमची हाय! जशी हाय तशी राहू दे गे मारबत!"

पलीकडे एक कुत्रं उठून गेलं.

"ऐकलं का तिनं?" मुलीनं विचारलं.

"माहा आवाज मागाच्या खटखटीत चार घरं पलीकडे जाये. ऐकत कशी नाही?"

पोरगी विचारात पडली. "मग मोंगसे पन परत येतीन?"

"मोंगसे कुठं मांगतले आपन?"

हे तिला पटलं. माझ्या हातातला तिचा हात आधी सैल झाला, मग वळवळला, मग सुटला. दुसरं शिंग राहिलंय असं ओरडत ती धावत सुटली. एक चप्पल तिथंच राहिली. मी "पडशील!" म्हणून ओरडले, आणि ओरडताना मला रडू आलं.

भिंतीला लागूनच आमची इमारत; वरच्या मजल्यावरच्या वहिनी बाल्कनीत कपडे झटकत होत्या. त्यांनी सकाळची आरोळी ऐकलीच होती.

"काय जी आजी," त्यांनी वरून विचारलं, "झाली का पोरगी शांत?"

"झाली होती," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही परत आनली."

आणि त्या नातीच्या चपला गोळा करायला लागल्या. एक राखेशीच होती, दुसरी बरीच पुढे.