ऑपरेशन्समध्ये दोनदा राहिलेला नितेश

आमच्या बीबीएच्या ग्रुपला गप्पांसाठी विषय लागत नाही, नितेश लागतो. तो नसला तर त्याचे किस्से तरी लागतातच, आणि दर भेटीला त्यात एखाद्याची भर पडते. यातले बरेच माझ्या डोळ्यांदेखत घडलेत, म्हणून सांगते.

नितेश खाप्याचा, रोज एसटीनं नागपूरला यायचा. घरची मंडळी लग्नकार्यात स्वयंपाकाची कामं घेतात. बाकी सगळे विषय सुटले, पण ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो दोनदा राहिला आणि तो विषय आमच्या वर्गाबरोबर पुन्हा करत होता. दोन्ही वेळा कोहळे सरांचा प्रश्न तोच, बॉटलनेक म्हणजे काय? म्हणजे सगळं काम जिथं तुंबतं ती जागा. पण सरांना व्याख्या पुस्तकातलीच हवी, आणि व्याख्या म्हटलं की नितेशची दातखीळ बसायची. बुटीबोरीच्या एका गोदामात त्याची नोकरी ठरल्यात जमा होती. अट एकच, या वेळी पास. नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

* * *

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी! एकाला आधार कार्डाची एक प्रत हवी, आणि तो अख्खं पुस्तक झेरॉक्स करणाऱ्याच्या मागे ताटकळतोय. नितेश थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग दुकानदार काकांना म्हणाला, "काका, एक-दोन पानंवाले या मशीनवर घ्या, पुस्तकवाले त्या मशीनवर."

दहा मिनिटांत रस्ता मोकळा! काका खूश. "कुठं शिकला गा हे?"

"इथंच, काका. याच विषयात नापास होऊन राहिलो."

त्याच आठवड्यात रांगांच्या धड्यावर चाचणी झाली. नितेशला वीसपैकी चार.

* * *

मग बिस्किटांच्या कारखान्याची व्हिजिट. मॅनेजर मोठमोठी यंत्रं दाखवत होते, आम्ही फोटो काढत होतो. नितेश पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या मावशींपाशीच थांबला.

"मावशी, खोके खाली जमिनीवर काहून ठेवता? दर वेळी वाकून राहिल्या तुम्ही."

"तिथंच ठेवतेत बापा. कोणी इचारलंच नाही," मावशी म्हणाल्या.

मॅनेजरांनी ऐकलं. आम्ही चहा पिऊन परत आलो तोवर खोकी स्टुलावर चढली होती आणि मावशी ताठ उभ्या राहून काम करत होत्या.

रिपोर्टला सरांनी दहापैकी तीन दिले. शेरा असा, "आकृती नाही. मावशींच्या कमरेवर दीड पान आहे."

* * *

व्हायवाआधीच्या शेवटच्या चाचणीसाठी मी त्याला सक्करदऱ्याच्या तलावापाशी बसवून क्रिटिकल पाथ शिकवायला घेतला. म्हणजे कामांची अशी साखळी, जी लांबली की सगळंच लांबतं. त्यानं वही मिटली.

"प्रणाली, पाचशे माणसांच्या पंगतीत चुलीवर पहिले काय चढते, सांग वं."

"भात."

"मंग लोक कोरडा भात खातीन. पहिले तुरीची डाळ. शिजायले तिलेच वेळ लागते. बाकी सारं तिच्या भरवशावर."

वर्षभर डोक्यात न शिरलेलं एका डाळीनं शिरलं! चाचणीत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले. त्यानं उत्तरात डाळच लिहिली. त्याला एक.

* * *

आणि मग व्हायवाचा दिवस. या वेळी अमरावतीहून एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले होते, शेजारी कोहळे सर. आम्ही साठ जण, नितेश यादीत शेवटचा. दुपारी एकपर्यंत पंधराच झाले, आणि एक्स्टर्नलची गाडी पाचची. राहिलेल्यांचं पुढच्या महिन्यात, असं शिपाई सांगून गेला. तोवर बुटीबोरीची जागा काही थांबणार नव्हती.

नितेश दाराच्या फटीतून बघत होता. "सर प्रश्न तं दोनच विचारून राहिले," तो म्हणाला. "बाकी वेळ पोराच्या फायलीत प्रोजेक्टचं पान शोधण्यात चालला."

त्यानं सगळ्यांना आपापल्या फायलीत त्या पानाला रंगीत कागद चिकटवायला लावला. एकाचा व्हायवा चालू असताना पुढचा उघडी फाइल घेऊन आत बाकावर. हाक मारायला दारात मी. आम्हाला वर्षभर पुस्तकात न दिसलेला विषय त्या व्हरांड्यात चालताना दिसत होता, आणि मी आ वासून बघत होते. सव्वाचारला एकोणसाठ झाले.

मग नितेश आत गेला.

"बॉटलनेक म्हणजे काय?" एक्स्टर्नलनी विचारलं.

कोहळे सर टेबलाकडे बघत होते. नितेश म्हणाला, "सर, दुपारी एक वाजेपर्यंत तुम्ही होते."

एक्स्टर्नलनी घड्याळ बघितलं. मग दारातल्या माझ्याकडे, मग फायलीतून डोकावणाऱ्या कागदांकडे. मग त्यांनी यादीत नितेशच्या नावापुढच्या दोन जुन्या 'नापास' शेऱ्यांवर बोट ठेवलं.

"याला दोनदा नापास कोणी केलं?"

"मी," कोहळे सर म्हणाले.

एक्स्टर्नलनी मार्कांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी खिशातलं पेन काढलं, आणि मान वर न करता विचारलं, "जॉइनिंग कधी आहे रे तुझं?"