ठिपक्यावरचे व्याही

तुमच्या आत्याचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, आयुष्यात एकदाही कुठल्या खोलीत नुसते शिरलेले नाहीत. ते प्रवेश करतात. मुलांनो, परवा ऑकलंडहून व्हिडिओवर तुम्ही विचारलंत ना, "आजी, तुझ्यामागे हॅट घालून उभे आहेत ते आजोबा कोण?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून वही घेऊन बसले आहे, आणि खरं सांगते, कधी एकदा तुम्हाला हे सगळं सांगते असं मला झालं आहे.

दोन हजार वीसच्या सुरुवातीला मी तुमच्या आत्याच्या बाळंतपणासाठी आयर्लंडला आले आणि पाठोपाठ बारशासाठी व्याही नागपूरहून आले. त्यांच्या पत्नी कुसुमताई महिन्याभराने यायच्या होत्या, कारण त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन होतं. तो महिना पुरा व्हायच्या आत विमानं बंद झाली आणि डब्लिनजवळच्या सिटीवेस्ट या वस्तीतल्या त्या छोट्या घरात आम्ही अडकलो. एका खोलीत आत्याचं ऑफिस, दुसरीत तिच्या नवऱ्याचं, तिसरीत बाळ आणि मी, आणि बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर व्याही. त्यांनी मोजकेच कपडे आणले होते, गरम बनियन एकही आणला नव्हता, पण करड्या रंगाची एक हॅट मात्र गोल डब्यात घालून, विमानात मांडीवर धरून आणली होती. त्या हॅटला घरात स्वतंत्र खुंटी मिळाली. मला कोटासाठीसुद्धा मिळाली नव्हती.

व्याही पाटबंधारे खात्यात अभियंता होते, पण धरणं त्यांनी पोटासाठी बांधली. त्यांचं खरं आयुष्य नागपूरच्या एका थिएटरात रविवारी सकाळी लागणाऱ्या जुन्या इंग्रजी चित्रपटांत गेलं. काळ्या-पांढऱ्या हॉलिवुडमधला प्रत्येक नट दरवाजा कसा उघडायचा, सिगारेट कशी विझवायची, बाईच्या खांद्यावरचा कोट कसा उतरवायचा हे त्यांना पाठ आहे. इंग्रजीही ते तिथेच शिकले. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तरी त्यांचे उच्चार नेमके कुठले हे मला सांगता येणार नाही. ते ना इंग्लंडचे, ना अमेरिकेचे. अटलांटिक महासागराच्या मध्यावर एखादं बेट असेल तर तिथे तसं बोलत असावेत. त्या आवाजात त्यांनी एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर मागितली. मास्क लावलेला तो पोरगेला दुकानदार दोन मिनिटं नुसता बघत राहिला आणि जुडी देताना म्हणाला, "ग्रँड!" व्याही घरी आले ते छाती काढूनच. "विहीणबाई, या देशाले आवाजाची कदर आहे जी!" इथे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'बरं, ठीक' हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

रोज दुपारी बाळ झोपलं की आत्याच्या टीव्हीवर आम्ही सिनेमा लावायचो, एक दिवस जुना आणि एक दिवस नवा. जुना असला की व्याही ताठ बसत, नवा असला की उसासे सोडत. त्यांचा सिद्धांत असा, की पूर्वी नट शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी काम करायचा आणि आता कॅमेरा नाकाला टेकतो म्हणून नटांनी कष्ट करायचं सोडलं. "पूर्वीचा माणूस खोलीत यायचा तर चार वेगळ्या गोष्टी करायचा. दार, हॅट, हातमोजे, नजर. आताचा पाव खात येते. पूर्वी वाक्य जिन्यापर्यंत ऐकू जायचं. आता हा काय पुटपुटून राहिला, त्याच्या आईलेही समजत नसेल." हे मात्र खरं होतं, नवा सिनेमा आम्ही खालच्या अक्षरांशिवाय पाहूच शकत नव्हतो. सगळ्यात जास्त राग त्यांना रडण्याचा यायचा. पूर्वीची नायिका रडली की डाव्या डोळ्यातून एकच थेंब निघे आणि गालाच्या मध्यावर येऊन थांबे. आताच्या बायका-पुरुष रडले की डोळे सुजतात, नाक लाल होऊन वाहतं. "नाकालाही रोल देऊन राहिले आजकाल!" असं म्हणून ते चष्मा पुसायला घेत. मी नव्यांची बाजू घेत असे. खरी माणसं तशीच रडतात, मी म्हणायचे. "खरी माणसं घरी फुकट दिसतात, विहीणबाई," ते म्हणत. आमचं हे भांडण वर्षभर पुरलं. त्या वर्षात दुसरं होतंच काय?

पण या सगळ्याचा कळस म्हणजे ठिपका. जुन्या काळी स्टुडिओत नटाने कुठे उभं राहायचं याची खूण खडूने जमिनीवर केलेली असायची. दिवे आणि कॅमेरा त्या खुणेवर रोखलेले, त्यामुळे खाली न बघता चालत येऊन बरोबर खुणेवर थांबणं ही नटाची पहिली परीक्षा. व्याह्यांनी तिचा अभ्यास नागपूरला सुरू केला होता, सिटीवेस्टला तो पूर्णत्वाला नेला. बारशासाठी मी रांगोळीचा डबा आणला होता. रोज सकाळी ते मागच्या दारी फरशीवर माझ्याकडून एक पांढरा ठिपका काढून घेत, मग आत जाऊन हॅट घालत, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून सात पावलं येत आणि थांबत. मग मला विचारत, "पायात?" मी खाली बघून सांगायचे, "अंगठ्यांच्या बरोबर मध्ये." मला टापटीप आवडते, त्यामुळे हे काम मनापासून आवडू लागलं. एकदा तर आत्याची मोठ्या साहेबांबरोबर व्हिडिओ मीटिंग चालू असताना ते तिच्यामागून गेले. वाकून पटकन निघून जाणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. ते पडद्याच्या बरोबर मध्यावर थांबले, उजवी बाजू वळवली, हॅटच्या कडेला दोन बोटं लावली आणि निघून गेले. आत्या लाजेने अर्धी झाली. साहेबांनी विचारलं म्हणे, की हे गृहस्थ पुढच्या मीटिंगला आहेत का?

आणि मग, दोन हजार एकवीसच्या वसंतात, खरोखरचा कॅमेरा आला!

आमच्याच गल्लीत सायली नावाची पुण्याची मुलगी भाड्याने राहत होती. ती डब्लिनच्या विद्यापीठात चित्रपट शिकत होती. शेवटच्या परीक्षेसाठी तिला दहा मिनिटांचा सिनेमा करायचा होता आणि ठरलेले आयरिश आजोबा तब्येतीच्या भीतीने ऐनवेळी नाही म्हणाले होते. अंगणात भेटायला तेव्हा नुकती परवानगी मिळाली होती. तिने कुंपणावरून विचारलं, "काका, तुम्ही कराल का?" व्याही आत गेले, हॅट घालून आले, मग म्हणाले, "करू."

अरे, काय तो उत्साह! तासाभरात सगळ्या नागपूरला कळलं. कुसुमताईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "चेहरा दिसते ना पण? नाहीतर गर्दीत उभं करतील तुम्हाला." सव्वा वर्ष झालं होतं त्यांची समोरासमोर गाठ पडून. दोनदा काढलेलं तिकीट रद्द झालं होतं आणि आता तिसरं पुढच्या आठवड्याचं होतं. "चेहराच चेहरा," व्याही म्हणाले, "तू येशील तोवर सिनेमा तयार असेल."

सिनेमाची गोष्ट एवढीच. एक म्हातारा अंगणात दोन कप चहा मांडतो. बायको येणार असते. ती येत नाही. संवाद एकही नाही. व्याह्यांना वाटलं, मूकपट आहे, आता काय कमी! पहिल्या टेकला ते ठिपक्यावर येऊन थांबले, रिकामी खुर्ची पाहिली, एक पाऊल मागे सरले, मनगट कपाळाला लावलं आणि आकाशाकडे पाहिलं. सायली चक्क 'कट' म्हणायला विसरली. कट ऐकल्याशिवाय नट हलत नाही, म्हणून ते तसेच उभे. शेवटी भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंनी डोकं वर काढून काळजीने विचारलं, यांना चक्कर आली आहे का, डॉक्टरांना बोलवू का?

"काका, काही करू नका," सायली म्हणाली.

"काही करायचं नाही तर मला कायले बोलावलं? खुर्ची पुरली असती."

"कॅमेरा एवढा जवळ आहे काका. तुम्ही नुसता विचार केलात तरी दिसेल."

"विचार तर मी बसमध्येही करतो!"

अकरा टेक झाले. ते जितकं 'काही नाही' करायला जात, तितकं ते 'काही नाही' भव्य होत जाई. संध्याकाळी सामान आवरताना ती पोर रडवेली होऊन म्हणाली, "काका, रागावू नका. उद्या दुपारपर्यंतच उजेड चांगला आहे. नाही जमलं तर मी फक्त हात घेईन. चेहरा नाही." त्या रात्री व्याही जेवले नाहीत. साठ वर्षं ज्याची तयारी केली त्यात नुसते हात दिसणार, आणि ते कुसुमताईंना सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठिपका काढून आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. टेबलावर दोन कप मांडलेले, सायली कॅमेऱ्यामागे काहीतरी जुळवत होती. व्याही लांब भिंतीपाशी होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नागपूरचा होता. "रद्द?... पुन्हा?" एवढं मला ऐकू आलं. त्या दिवसांत तिकडच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. "नाही नाही, मी बरा आहे. तू जेवली का? बरं. बाहेर नको जाऊ." बोलता बोलता ते टेबलापाशी आले होते. फोन खाली ठेवला. दुसऱ्या कपाकडे बघत राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी बशी उचलली आणि त्या कपावर पालथी ठेवली, चहा गार होऊ नये म्हणून. बस, एवढंच.

"मिळालं!" सायली ओरडली आणि रडू लागली.

परीक्षकांना तो सिनेमा फार आवडला. आम्ही सगळ्यांनी तो टीव्हीवर पाहिला. फोनवरचा आवाज काढून टाकला होता. नुसता व्याह्यांचा चेहरा, पडदाभर. "काकांना माहीतच नव्हतं कॅमेरा चालू आहे!" सायली सगळ्यांना सांगत होती. नव्या अभिनयाचा विजय झाला म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. पण मला सवय आहे ना उत्तरपत्रिका दोनदा तपासायची! बशी ठेवताना कॅमेरा जरा मागे सरतो, तिथे दुसऱ्यांदा पाहताना मला त्यांचे बूट दिसले. पांढरा ठिपका दोन अंगठ्यांच्या बरोबर मध्ये होता. आणि हॅट एवढीशी मागे सारलेली, डोळ्यांवर सावली पडू नये इतकीच.

सकाळी मी रांगोळीचा डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "खरं सांगा."

ते म्हणाले, "बातमी खरी होती, विहीणबाई. आतून जे झालं तेही खरं. पण कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा दिसून राहिला होता. कुसुम तिकडे एकटी बसून हे पाहील, माहीत होतं. म्हटलं, दुःख होऊनच राहिलं तर उजेडात उभं राहून होऊ द्यावं. तिला चेहरा दिसला पाहिजे ना." मग म्हणाले, "हे आजकालचे नट काही कमी नाहीत जी. हॅट तेही घालतात. लपवतात इतकंच." सायलीला हे सांगू नका अशी त्यांनी मला शपथ घातली. तुम्हीही सांगू नका.

कुसुमताई शरद ऋतूत आल्या, चौथ्या तिकिटावर. त्या दिवशी पहाटेपासून व्याह्यांची तालीम चालली होती: दार, हॅट, हातमोजे, नजर. फाटकापाशी मी दोन ठिपके काढले, एक त्यांचा, एक ताईंचा. इथल्या पावसाने ते दोनदा धुऊन नेले, मी दोनदा काढले. टॅक्सी आली. ताई उतरल्या, आपल्या ठिपक्यापासून चांगल्या दोन हात लांब उभ्या राहिल्या आणि बॅग खाली ठेवून म्हणाल्या, "वाळले तुम्ही."

व्याह्यांनी हॅटला हात लावलाच नाही. ठिपका सोडून पुढे गेले, एक पाऊल, दोन पावलं, मी मोजायचं सोडून दिलं. त्यांचं नाक लाल झालं होतं आणि चांगलं वाहत होतं. पावसात मागे दोन पांढरे ठिपके राहिले, आणि त्या दिवशी मला खाली बघायला कोणी सांगितलं नाही.