हाक मारणारा खेळ

ज्या खेळासाठी मला नोकरीवर घेतलं होतं, त्यात एक होडी होती आणि त्या होडीत नुसतं बसून राहता येत असे. कंट्रोलर हातात धरून एकही बटण दाबलं नाही, की वल्ह्यावरून निथळणारं पाणी ऐकू येई आणि थेंब नदीवर पडताना तळव्यांना अगदी बारीक कंप जाणवे. तो कंप केवढा असावा, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली होती. बेंगळुरात, इंदिरानगरमधल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. खाली कॉफीची पूड दळून देणारं दुकान. भाजलेल्या बियांचा वास आमच्याआधी जिना चढून वर पोचलेला असे. कवितेत पदवी घेतलेल्या बाईचं खेळांच्या कंपनीत काय काम, असं नातेवाईक विचारत, तेव्हा मी त्यांना त्या होडीबद्दल सांगत असे. नदीचं वर्णन, नावाड्याचे मोजके शब्द, दोन वाक्यांमधली शांतता हे सारं माझं काम होतं.

तो खेळ कन्सोलसाठी होता. म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या त्या काळ्या, जड यंत्रासाठी. जेवणाच्या टेबलावर रोज एकच वाद रंगे: पीसी आणि मोबाईलच्या पुढे कन्सोलचा निभाव लागेल का? कुणी म्हणे, पीसीवर तेच खेळ अधिक देखणे दिसतात. कुणी म्हणे, परदेशात कन्सोलला मरण नाही. आमच्या गटाची प्रमुख डबा उघडता उघडता एकदा म्हणाली, "आपल्याकडे टीव्ही कुणाचा असतो ते सांगा आधी. संध्याकाळी सासूचा, सामना असला की सासऱ्यांचा. कन्सोलवाला बिचारा घरातला टीव्ही मोकळा व्हायची वाट बघत म्हातारा होतो. फोन मात्र ज्याचा त्याचा." सगळे हसले. मीही हसले. वर्षभरात होडीचं काम थांबवलं गेलं, आणि आम्हाला महादेवपुऱ्यातल्या एका काचेच्या इमारतीत नेऊन मोबाईलच्या खेळावर बसवलं.

नव्या खेळात शेत होतं, अंगण होतं, एक गाय होती आणि कुंपणापलीकडे राहणारी एक शेजारीण होती. मला नदी लिहायची नव्हती, नोटिफिकेशन लिहायची होती: फोनच्या पडद्यावर अवचित उतरणारी एखादी ओळ. तीही मराठीत, कारण लहान गावांतल्या बायका हा खेळ फार खेळत. प्रमुखबाईने मला समजावलं ते मी विसरू शकत नाही. "कन्सोल टीव्हीखाली गप्प बसतो. पीसीपुढे माणूस स्वतः खुर्ची ओढून बसतो. मोबाईल तुमच्या मागे मागे स्वयंपाकघरात येतो. आल्यावर त्याने काय म्हणायचं, तेवढं तुला लिहायचंय."

तेव्हा मला कळलं, की कन्सोल मागे पडला असेल तर तो वेगात नव्हे. त्याला हाक मारता येत नव्हती. जो आपण होऊन येईल त्याच्यासाठी तो थांबून राही, आणि मला त्याचं तेच आवडत असे. आता हाक मारण्याचंच मला वेतन मिळणार होतं.

सुरुवातीच्या माझ्या ओळी निर्जीव होत्या. ‘आपले पीक तयार आहे’ वाचून कुणी परत येत नव्हतं. अशाच एका दुपारी टेबलावर माझा फोन थरथरला. लाकडातून तो कंप कोपरापर्यंत आला. मावशीचा फोन होता. आईची धाकटी बहीण, मूळची बेळगावची. काका गेल्यापासून मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, मुलगा परदेशात. रोज दुपारी तिचा फोन येई, आणि बहुतेक दुपारी मी तो उपडा घालून ठेवत असे. रिंग रोडची गर्दी हे तिच्याकडे न जाण्याचं कारण होतं. फोन न उचलण्याला तर कारणही लागत नव्हतं. त्या दिवशीही मी तो उचलला नाही, तेव्हा तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात एवढंच होतं: "जेवलीस काय गं?"

मी ते ऐकलं. ‘का’ नव्हे, ‘काय’. शेवटच्या ‘गं’वर जरा रेंगाळलेला तो स्वर, ताटावर झाकण ठेवावं तसा. कवितेने माझे कान तयार केले होते, आणि त्या तयार कानांनी मी काय केलं, तर तिला उत्तर न देता ती ओळ शेजारणीच्या तोंडी घातली. "जेवलीस काय गं? गाय दाराशी उभी आहे." ओळ चालली. बायका परत आल्या, पुन्हा पुन्हा आल्या. बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. कसं सुचलं, असं प्रमुखबाईने विचारलं. मी म्हणाले, "असंच."

गेल्या हिवाळ्यात मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलाला येता येत नव्हतं, म्हणून मी रजा काढून तिच्याकडे राहायला गेले. खोलीत कापराचा आणि औषधाचा वास होता. डोळ्यावर पट्टी, दुसराही मिटलेला. हाताची बोटं मात्र पांघरुणावर सारखी काहीतरी शोधत होती. फोनकडे बघायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. अकराच्या सुमारास उशीखालून टिंग असा आवाज आला, आणि तिचा हात माझ्याआधी तिथे पोचला.

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले?"

"मी कुठं बघते म्हणाले? तू वाच. काय म्हणते ती?"

"कोण ती?"

"शेजारीण गं, खेळातली. समोरच्या अक्कांनी घालून दिलाय. ह्या वेळेला तिचं येतंयच."

मी फोन हातात घेतला. काचेवर तिच्या बोटांचे तेलकट ठसे होते. माझीच ओळ मी माझ्याच आवाजात वाचली. 

"बघ," मावशी म्हणाली. पट्टीखालचा गाल हलला. ती हसत होती. "आपल्याकडची असणार ही. पुण्याची असती तर ‘आपलं जेवण झालं का’ म्हणाली असती. आणि मला ‘तू’ म्हणते. ह्या गावात मला ‘तू’ म्हणणारं कोण उरलंय? तू एक, आणि ही."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उलट बोलून सुटले असते.

"गाईला घाल की गं चारा. उभी राहील बिचारी."

मी अंगठ्याने चारा ओढून गाईपुढे टाकला. फोनमधून घुंगरांसारखा आवाज आला. मावशीने तो ऐकला आणि मग कुठे तिची बोटं पांघरुणावर शांत झाली. सकाळी औषध घालताना तिचा डोळा इतका लाल का दिसला, ते मला त्या क्षणी उमगलं. मी झोपल्यावर ती चारा घालत होती.

दुपारी समोरच्या अक्का चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबा घेऊन आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. मराठी बोलतात ती कन्नडच्या चालीवर. "डोळा स्वल्प तरी बरा काय? की गाय राखायलात अजून?"

"आज हिनं राखली," मावशी म्हणाली.

मला वाटलं, आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही. "मावशी, ती शेजारीण... तिचं बोलणं मी लिहिते. ते माझं काम आहे. आणि ‘जेवलीस काय गं’ हे तुझं आहे. तुझ्या फोनवरून घेतलं मी."

अक्का डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "हौदा! खरं की काय? रोज आम्हाला नाचवणारी तूच काय गं? तुझ्या गाईपायी माझा कुकर करपला की परवा!"

मी मावशीकडे पाहत होते. ती रागावेल, निदान गप्प होईल, असं मी धरून चालले होते. त्याची मला गरजही होती. तिने मान उशीवरून उचलली. "माझं बोलणं? सगळीकडे जातंय ते? अक्का, खालच्या मजल्यावर सांगा हं. माझ्या भाचीनं लिहिलंय." मग माझ्या दिशेने हात पुढे करून म्हणाली, "आता चुकवून चालायचं नाही. तू बोलावल्यावर जायलाच पाहिजे."

अक्का गेल्या. चित्रान्नाच्या फोडणीचा, लिंबाचा वास खोलीत राहिला. मी फोन उचलला. "मी ही नोटिफिकेशन्स बंद करते. डोळा बरा होईपर्यंत तरी."

"नको."

"अगं, डोळा जाईल."

"नको म्हटलं ना." आवाज चढला नव्हता. "तू फोन उचलत नाहीस, असू दे, काम असतंय तुला. मी कधी काही म्हणाले? हे तरी येऊ दे. तुझंच आहे म्हणालीस ना आत्ता?"

बंद करायच्या त्या छोट्या खुणेवर माझा अंगठा होता. मी तो बाजूला घेतला. दिवसातून जितक्यांदा शेजारीण बोलेल तितक्यांदा मी वाचायचं आणि मीच चारा घालायचा, असं आमचं ठरलं. तिथे होते तोवर मी ते पाळलं. माझ्याच ओळींनी मला दिवसभर उठवलं, बसवलं, भाजी चिरताना हात पुसायला लावले. डोळा वाचला. मी घरी परतले, आणि फोन पुन्हा तिच्या हातात गेला.

आता मी दुपारी तिला फोन करते, रोज जमत नाही. कामावर तेच लिहिते आहे, सोडलेलं नाही. पूर्वी ओळ लिहिताना समोर कुणी नसे. आता ती कोणत्या उशीखाली वाजणार ते मला ठाऊक असतं. कोणता शब्द ऐकून तो हात आधी पुढे होईल, तेही ठाऊक असतं. माझ्या ओळी त्यामुळे सुधारल्या आहेत. प्रमुख परवा म्हणाली, अलीकडे तुझ्या लिखाणात माया उतरायला लागली आहे, आणि मी आभार मानले.